नावाचा गूळ

पौषातलं ऊन अंगाला गोड लागत होतं, पण वाफ्यातलं पाणी हाडात शिरत होतं. निमगाव सावाच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला दादाभाऊच्या रानात कांद्याची लागण चालली होती. अकरा बाया आपापल्या ओळीची पात धरून उकिडव्या बसल्या होत्या. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात, आणि तोंडं मोकळी. लागण ही अशी, की तिला हात लागतात नि कमरेचा काटा लागतो, तोंडाला काही कामच नसतं.

त्या दिवशी अक्षदा गूळ वाटत होती. दादाभाऊच्या धाकट्या भावाची, भरतची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पदराचा ओचा करून त्यात गुळाचे खडे नि भाजलेले शेंगदाणे घेऊन ती बांधाबांधानं एकेकीपाशी वाकत होती, आणि प्रत्येकीकडून एक टोमणा घेऊन पुढं सरकत होती.

"घे की आक्का," ती थोरल्या जावेपुढं येऊन म्हणाली. "हात चिखलाचा आसंल तर आ कर, मी घालते."

नंदानं आ केला नाही. चिखलाचाच हात पुढं केला. गुळाचा खडा तोंडात टाकला तेव्हा दाताखाली माती करकरली.

"ग्वाड हाय का, नंदे?" शेजारच्या पातीवरून भिमाबाईनं विचारलं. भिमाबाई त्यांच्याच खालच्या आळीची. तिची जीभ खुरप्यापेक्षा धारेची.

"गूळ ग्वाडच आसतोय," नंदा म्हणाली आणि जुडी सोडवायला लागली.

आता हा गूळ कशाचा, ते सांगायला पाहिजे.

गावोगावी माणसांना टोपणनावं पडतात. या गावात उलटं होतं. इथं माणसाच्या नावाचा शब्द व्हायचा. कुशाबाचं घ्या. तीस वर्षांमागं चुलतबहिणीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन त्याला ओतूरला धाडलं होतं. वाटेत कुस्त्यांचा फड लागला. हा फडात बसला तो बसलाच, नि ओतूरला पोचला तेव्हा मांडव उतरून दोन दिवस झाले होते. तेव्हापासून गावात जे काही वेळ टळून येतं ते कुशाबा. पाऊस कुशाबा झाला, यष्टी कुशाबा झाली. कुशाबा स्वतः स्टँडवर बसून म्हणायचा, "थांबा राव, यील. माझ्या नावाची हाय ती."

लंकाबाईचं तसंच. एका आषाढात तिच्या घराची मागची भिंत आडवी झाली. तरी ही रोज रानात जाताना पुढच्या दाराला कुलूप घालायची नि किल्ली कमरेला खोवायची. झालं, नुसत्या देखाव्याच्या राखणीला लंकाकुलूप म्हणायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लंकाबाई आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती. आता सत्तरीला टेकल्यावर तीच सांगायची, "माज्या मागं माजं काय ऱ्हाईल गं? वावर पोरं वाटून घेतील, डाग सुना घेतील. पर कुलूप ऱ्हाईल बग. ते कुनाला वाटून घेता याचं न्हाई."

याला रीत होती. शब्द कुणीही काढावा, पण तो रुजला असं म्हणायला दुसऱ्या आळीतल्या माणसाच्या तोंडून तो आपसूक यावा लागे, आणि त्या माणसानं मूळ प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला नसावा. तसं झालं, की ज्याच्यामुळं शब्द निघाला त्यानं गूळ वाटायचा. त्याला नावाचा गूळ म्हणत. एवढा गूळ वाटला, की ते माणूस गावाचं झालं.

अक्षदाचा शब्द दिवाळीनंतरचा. नंदाची सासू साळूबाई हिच्या माहेरची नि सासरचीही माणसं पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायची. आता शेती होती, तरी दारात दहा-बारा मेंढरं असायचीच. एक मेंढी व्याली. अक्षदानं ते कोकरू पाहिलं, घाणीत बरबटलेलं. हिला दया आली. टीव्हीवरच्या जाहिरातीतला गुलाबी वासाचा साबण आणला, ऊन पाणी घेतलं, नि कोकराला बाळंतिणीच्या पोरासारखं न्हाऊ घालून, पुसून, आईपुढं नेऊन ठेवलं. मेंढीनं हुंगलं नि शिंगाडलं. तिच्या पोराचा वासच राहिला नव्हता. दोन दिवस साळूबाई नि अक्षदा गोठ्यात बसून होत्या. मेंढीचंच दूध काढून कोकराच्या पाठीला चोळायचं, मिठाचं पाणी लावायचं, मेंढीचे पाय धरून त्याला पाजायचं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला चाटलं. त्या दोन दिवसांत गोठ्यातून सासू-सुनेचं असं काही हसू येत होतं, की नंदाच्या तव्यावरच्या दोन भाकरी करपल्या.

आणि मग भरतबरोबर चाकणच्या कंपनीत असलेला राघू, गॉगल लावून, केसांना तेल-पाणी करून सुट्टीला गावात आला, तेव्हा साळूबाई म्हणाली, "आलं बग साबणकोकरू. आय वळखंना याला." चार दिवसांत तो शब्द वरच्या आळीत गेला. पाचव्या दिवशी नारायणगावच्या बाजारात ऐकू आला म्हणतात.

नंदाला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती.

सहा वर्षं, आणि तिच्या नावाचा शब्द नव्हता. तिचं माहेर मंचरचं, बारावी झालेली, बोलणं धुतल्या तांदळासारखं. आता ती गावासारखी बोलायची, पण ते शिकून बोलणं. ती आली त्याच वर्षी सासरे गेले. साळूबाई सहा महिने भिंतीला टेकून बसली होती. भरत तेव्हा कॉलेजात. धार, भाकरी, पाण्याची पाळी, मेंढरांचा चारा, सगळं नव्या नवरीच्या अंगावर आलं आणि तिनं ते निभावलं. मग आरोही झाली. चुकायला तिला सवडच मिळाली नव्हती. बाया म्हणायच्या, "नंदीचं काय बाई, सरळ." सरळ काठीनं मेंढरं हाकता येतात, पण तिच्यावर वेल चढत नाही, असं तिला वाटायचं.

धाकटी आली ती हसत्या घरात आली. तिनं कोकरू धुतलं नि गाव हसलं. *मी धुतलं असतं, तर गाव म्हणालं असतं, हिला काय झालं.*

हे तिनं करूनही पाहिलं. सांगायला लाज वाटावी असं आहे, पण केलं. पेरणीच्या पाभरीवरच्या गड्यांना चहा नेला, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. तिच्या नवऱ्यानं, दादाभाऊनं पहिला घोट घेतला, थांबला, आणि कप रिकामा केला.

"काय झालं?" नंदानं विचारलं.

"काय न्हाई. घसा धरला व्हता सकाळधरनं. बेस केलंस, मीठ घाटलंस ते."

दुसऱ्यांदा ती भागूच्या गिरणीवर रिकामा डबा घेऊन गेली. झाकण उघडून भागूनं आत पाहिलं, मग तिच्याकडं. "वैनी, पोरीला बरं हाय नव्हं? घरात आजारपन आसलं की चित्त ऱ्हात न्हाई मानसाचं. जावा घरी, दळान मी सांजच्याला मानूस धाडून मागवून घेतो." रांगेतल्या दोघीतिघींनी चुकचुक केलं. संध्याकाळी लंकाबाई आरोहीची दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आली.

तिच्या चुकीलासुद्धा गाव कारण शोधून द्यायचं. जावा जावा नि उभा दावा म्हणतात, पण इथं दावा तरी कशावर सांगायचा? अक्षदा वाईट असती तर बरं झालं असतं. ती सकाळी नंदाच्या आधी उठून चूल पेटवायची. आरोहीची वेणी घालायची. "आक्का, तुमी बसा," म्हणायची. नंदा बसायची, आणि बसल्या जागी धाकटीचा हात कुठं चुकतो का ते बघत राहायची.

माघात पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातल्या एक बाई गावात आल्या. बोलीतले जुने, वेगळे शब्द नि ते कसे निघाले ते गोळा करत होत्या. त्यांनी टेपरेकॉर्डर पुढं ठेवला तशी बायांची दातखीळ बसली. भिमाबाईसुद्धा "आमाला काय येतंय" म्हणून पदर सावरत बसली. मग बाईच बोलल्या. म्हणाल्या, शब्दांना गोष्टी असतात, तुमचा कंडम हा शब्द आहे ना, तो साहेबाच्या वेळचा, मोडीत काढलेल्या मालाला ते इंग्रजीत कंडेम्ड म्हणत.

"साह्यबाचा आसू द्या की," साळूबाई म्हणाली. "सोडून गेला नव्हं त्यो? मंग आता आमचा."

बाई हसल्या. दोनशे पानी वही ठेवून गेल्या. महिन्यानं येते, तोवर कुणीतरी लिहून ठेवा म्हणाल्या.

"आमची थोरली लिवंल," साळूबाईनं सांगून टाकलं. "तिचं अक्षार म्हंजी ज्वारीचा दाना."

आणि नंदाला पहिल्यांदा वाटलं, आपल्याही हाताला काही लागलं. दुपारी आरोही झोपली की ती ओसरीवर वही घेऊन बसायची. भात शिजेपर्यंत चार ओळी, मेंढरं पाण्यावर गेली की चार ओळी. बाया आपणहून यायला लागल्या. लंकाबाई दोनदा आली, भिंत कोणत्या अंगानं पडली ते नीट लिहिलंय ना, बघायला. कुशाबा काठी टेकत आला. "पोरी, त्यात लिव, की कुस्ती लई झाक झाली व्हती. न्हाईतर लोक म्हंतील उगाच बसला." नंदानं ते लिहिलं. एकेका शब्दाला एकेक पान. वरती शब्द, खाली अर्थ, मग गोष्ट. शब्द लिहिता लिहिता तिला ती माणसं आवडायला लागली.

एका दुपारी तिनं साबणकोकरासाठी नवं पान काढलं. पेन टेकवलं. आतून अक्षदाचा आवाज येत होता, ती साळूबाईच्या डोक्याला तेल घालत होती नि दोघी कशावरून तरी हसत होत्या. पेनाच्या टोकाखाली निळा ठिपका मोठा होत गेला. नंदानं पान उलटलं आणि पुढचा शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशी लिहू, असं म्हणाली मनाशी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बाईंना जुने शब्द पाहिजेत, हा तर कालचा. तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाही. बेचाळीस शब्द झाले.

बाई यायच्या आधी साळूबाई म्हणाली, "वाचून दाव सगळ्यांस्नी. आमच्या मागारी काय लिवलंस ते कळू तरी दे."

अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बाया जमल्या होत्या. वरच्या आळीच्याही होत्या, भिमाबाईही होती. नंदानं वाचायला घेतलं. बाया हसल्या, भांडल्या, मधेच दुरुस्त्या सांगितल्या. लंकाबाईनं डोळे पुसले. बेचाळिसावा शब्द झाला, नंदानं वही मिटली.

"झालं?" भिमाबाईनं विचारलं.

"झालं."

"आन् साबणकोकरू?"

लंकाबाईनं सूप खाली ठेवलं.

"बाईंना जुनं शब्द पायजेत," नंदा म्हणाली. "त्यो नवा हाय."

"नवा व्हय. मंग भागूच्या नावाचा शब्द संक्रांतीचा हाय, त्यो लिवलास. त्यो काय पांडवांच्या येळचा?"

नंदानं वही पदराआड घेतली. तेवढ्यात अक्षदा म्हणाली, "मीच आक्काला म्हनले, माजं नगं लिवू म्हनून. मला लाज वाटती."

ते खोटं होतं. अंगणातल्या प्रत्येकीला कळलं. आणि नंदाला त्या क्षणी अक्षदाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. *लबाडी मी करायची, आणि मोठेपणा हिनं घ्यायचा.*

"तू गप गं," साळूबाई धाकटीला म्हणाली. मग थोरलीकडं वळली. तिला निरखून बघितलं, जसं आजारी मेंढराकडं बघायची. "नंदे, मडकं धड हाय. कुठं चीर न्हाई. गळलं ते हातानं गाळलं." आणि तिच्या तोंडाच्या सुरकुत्या हलायला लागल्या. "ह्याला गळती कसली म्हनायची? नंदागळती."

पहिली लंकाबाई हसली. मग सगळं अंगण हसलं. ज्या हसण्यासाठी नंदा तीन महिने जळत होती, ते हसू आता तिच्या अंगावर पडलं आणि उकळत्या पाण्यासारखं भाजलं. ती वही घेऊन आत गेली नि धान्याच्या कणगीआड बसून रडली.

थोड्या वेळानं साळूबाई आली. गुडघे धरून शेजारी बसली.

"तुजं सासरं गेलं तवा," ती म्हणाली, "तू मला भाकरी कुस्करून द्यायचीस. म्या तुज्यासंगं एकदा बी हसले न्हाई. मला ठावं हाय." तिनं नंदाच्या हातातली वही नंदाच्याच मांडीवर ठेवली. "लिव. दोनी लिव. आन् अर्थ खरा लिव."

नंदानं लिहिलं. साबणकोकराचं पान तिनं इतकं सुरेख लिहिलं, की त्यातल्या मेंढीचं नाक हलताना दिसावं. मग चव्वेचाळिसावं पान. नंदागळती. अर्थ: ठाऊक असून मुद्दाम गाळलेली गोष्ट. गाळणाऱ्याला ती सगळ्यांत जास्त पाठ असते.

"पर आत्याबाई, ह्यो अजून रुजला न्हाई," नंदा सासूला म्हणाली.

"मंग बाई याच्या आत रुजला तर ऱ्हाऊ दे. न्हाई रुजला तर खोडून टाक. न रुजलेला शबुद वहीत घालायचा न्हाई, रीत ती रीत."

बाई यायला आठ दिवस होते. आणि नंदाचं दुसरंच दुखणं सुरू झालं. आधी लाज होती, आता धास्ती. ती विहिरीवर कान देऊन उभी राहायची. दुकानात उगाच रेंगाळायची. अंगणातल्या बाया म्हणत होत्या, पण त्यांचं धरायचं नव्हतं, त्यांनी पाहिलेलं होतं. ज्यानं पाहिलं नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. घरात अक्षदा मात्र उठल्या-बसल्या म्हणायची. "आक्का, कालवनात मिठाची नंदागळती झालीया." नंदा चाखून बघायची. मीठ बरोबर असायचं.

"घरातल्यांचं चालत न्हाई," ती अक्षदाला तोडून बोलायची.

चार दिवस गेले. सहा गेले. *साबणकोकरू पाच दिवसांत नारायणगावला पोचलं होतं. आपली लाजसुद्धा हिच्यापेक्षा मंद पायाची.*

सातव्या दिवशी ती दळण घेऊन गिरणीवर गेली, या वेळी डबा भरून. पट्टा फडफडत होता, पिठाची धूळ उडत होती. पुढं भिमाबाई भागूशी भांडत होती. पायलीचं पीठ कमी भरलं म्हणून.

"आगं मावशे," पट्ट्याच्या आवाजावर भागू ओरडून म्हणाला, "तुज्या पिठाची नंदागळती करून मी काय माडी बांधनार हाय व्हय?"

नंदाच्या हातातलं झाकण खाली पडलं. भागू त्या दिवशी अंगणात नव्हता. भागू वरच्या आळीचा. तिला बघून त्यानं जीभ चावली.

"वैनी, राग मानू नगा. तोंडात बसलं वो. काय कुठनं आलं ते बी ठावं नव्हतं मला. तुमची धाकटी रोज येतीया, कवा पसा नाचनी, कवा दोन मुठी डाळ, आन् दर येळंला त्योच शबुद. आईकून आईकून बसलं बगा."

भिमाबाईनं नंदाकडं पाहिलं. खुरप्याच्या जिभेची ती बाई खाली वाकली. पडलेलं झाकण उचलून तिच्या हातात दिलं, एवढंच.

गरम पिठाचा डबा डोक्यावर घेऊन नंदा घरी निघाली. पावलं हलकी पडत होती. रुजलं. आता ते खोडायचं नव्हतं. ती मेल्यावर, आरोहीच्या लेकीसुद्धा भाजीतलं मीठ चाखून तिचं नाव घेणार होत्या. आणि हेही धाकटीच्याच हातचं. एवढी एक गोष्ट स्वतःच्या अवगुणानं मिळवली होती, तीसुद्धा नुसती आपली म्हणून उरली नाही.

अक्षदा ओट्यावर आरोहीची वेणी घालत होती. नंदानं डबा उतरवला.

"गिरनीत काय बोलत व्हतीस गं?"

"कुटं काय."

"रोज?"

अक्षदानं वेणीचा पेड तोंडात धरला, बोलावं लागू नये म्हणून. मग सोडला. "दोनदा सुदिक गेले कवा कवा. डाळ दळायची उरली न्हाई घरात. आता हरभऱ्याचं पीठच खावं लागंल म्हैनाभर."

नंदा पदरानं घाम पुसत तिच्याकडं बघत राहिली. हसू येत होतं आणि ते तिला हिच्यापुढं येऊ द्यायचं नव्हतं.

"उद्यापास्नं गिरनीला मी जानार," ती म्हणाली. "तू जायचं न्हाई. वेनी बी आन हिकडं, पोर माजी हाय."

आरोहीचं डोकं आपल्याकडं वळवून ती बसली. पेड घट्ट ओढले. "आई, दुकतंय," आरोही म्हणाली. अक्षदा उठली नाही. तेलाची वाटी धरून तिथंच शेजारी बसून राहिली, आणि नंदानं न बघता वाटीत बोट बुडवलं.